दुसरी वेलांटी

महाराष्ट्रातल्या ट्रकांच्या पाठीवर सगळ्यात जास्त चुकणारा शब्द म्हणजे 'आशीर्वाद'. बहुतेक पेंटर तो 'आशिर्वाद' असाच लिहितात. त्याच्या आधी हमखास 'आई-वडीलांचा' असतं. म्हणजे वडिलांना नको असलेली दुसरी वेलांटी द्यायची आणि आशीर्वादाची हक्काची काढून घ्यायची. जमाखर्च जुळतो, शब्द दोन्ही चुकतात.

बावीस वर्षं मी नाशिकला एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत प्रूफरीडर होतो. तेव्हा एसटीच्या खिडकीतून असा ट्रक दिसला की हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे जायचा. आता मी त्याच ट्रकांच्या मागे, एसटीच्या प्रवाशापेक्षा उंच बसून, तासन् तास असतो. हात स्टिअरिंगवर असतात, त्यामुळे वाचायचं आणि गप्प बसायचं.

मी ट्रक चालवतो. आज वय ५१ आहे. पहिल्यांदा भरलेली गाडी घेऊन एकटा निघालो तेव्हा एकोणपन्नासावं सरत आलं होतं. 'या वयात?' हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की त्याचं उत्तर आता तोंडपाठ असायला हवं होतं. नाही. प्रत्येकाला वेगळं सांगतो आणि प्रत्येक वेळी ते थोडं खरं असतं.

आवृत्ती बंद झाली २०२० च्या पावसाळ्यात. कुणाला दोष द्यायचाच तर करोनाला द्यावा, तो उलटून बोलत नाही. हातात एम.ए. मराठीची पदवी, शुद्धलेखनाचे नियम आणि रात्री जागायची सवय. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना गिऱ्हाईक नव्हतं. काही महिने शब्दाला पन्नास पैसे या दरानं कुणासाठी तरी आरोग्यविषयक मजकूर लिहिला. लसणाचे फायदे अकरा वेळा लिहून झाल्यावर बाराव्यांदा लिहवेना. तेवढ्यात गल्लीतल्या एका भाजीवाल्याचा ड्रायव्हर गावी गेला तो परतलाच नाही. गाडी म्हणजे आपला छोटा हत्ती. पहाटे तीनला मार्केट यार्डातून माल उचलायचा, सहाच्या आत चार ठिकाणी टाकायचा. चारचाकीचं लायसन्स माझ्याकडे १९९८ पासून होतं. 'दोन दिवस चालवतो' म्हणून चावी घेतली.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्या प्रेसच्या मागच्या दाराशी रोज रात्री दीडच्या सुमाराला टेम्पो लागायचे. सिन्नर, निफाड, येवला, मालेगाव, कळवण, प्रत्येक बाजूची वेगळी गाडी. शेवटचं पान सुटलं की मी खाली चहाला यायचो, तेव्हा ते लोक गठ्ठे मोजून भरत असायचे. बावीस वर्षांत त्यांच्याशी मी काय बोललो असेन? 'चला, निघा, उशीर झालाय.' उशीर बहुतेक वेळा आमच्यामुळे झालेला असायचा. एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं. हे मला छोटा हत्ती चालवायला लागल्यावर, एका पहाटे द्वारका चौकात सिग्नलला उभा असताना आठवलं. शेजारी पेपरचा टेम्पो होता. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघून मान हलवली, अंधारात कामावर असलेली माणसं एकमेकांना हलवतात तशी. तो मला ओळखत होता की नाही, कोण जाणे.

तर टेम्पोतून ट्रककडे. टेम्पोत पोट भरत नव्हतं, एवढं साधं कारण आहे. आडगावच्या ट्रक टर्मिनलवर एका शेठकडे चार गाड्या होत्या आणि तीनच ड्रायव्हर. नव्या पोरांना या धंद्यात यायचं नाही, हे तिथल्या कुठल्याही टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. चाळिशीतली माणसं, पन्नाशीतली माणसं. विशीतला दिसला तर तो मोबाइल दुरुस्तीवाला निघतो. शेठ म्हणाले, 'हेवी लायसन्स काढा, सहा महिने बरोबर फिरा, मग बघू.' मी एम.ए. आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्या दिवसापासून आडगावला माझं नाव 'मास्तर' पडलं.

लायसन्सची मौज सांगतो. साध्या लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतली मालगाडी चालवता येते. सुप्रीम कोर्टानं २०२४ च्या नोव्हेंबरात त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केलं. त्याहून जड गाडीला वेगळा परवाना. आधीचं लायसन्स किमान वर्षभर जुनं असावं लागतं, मग लर्निंग, ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, डॉक्टरचा दाखला आणि पेठ रोडला आरटीओत चाचणी. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढली. स्कूलवाल्यानं फॉर्म भरताना विचारलं, 'शिक्षण?' मी सांगितलं. त्यानं पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, 'आता काही लिहायची गरज नाही, सर.' परवाना पाच वर्षांचा मिळतो. म्हणजे पुढच्या वेळी नूतनीकरणाला जाईन तेव्हा तिथली मुलं मला 'आजोबा' म्हणतील.

डॉक्टरांच्या दाखल्यात रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचून दाखवायचे असतात. ते मी झरझर वाचले. बारीक वाचायचीच सवय. खरी अडचण चष्म्याची निघाली. मला प्रोग्रेसिव्ह भिंग होतं, खाली वाचायचं, वर लांबचं. डेस्कवर उत्तम. पण त्या भिंगात कडेला सगळं लपलपतं, आणि ट्रकमध्ये कडेलाच तर बघायचं असतं. आरशात डोकावलं की मागची गाडी पाण्यात बुडाल्यासारखी. शेवटी फक्त लांबचं दिसणारा साधा चष्मा करून घेतला आणि वाचायचा वेगळा शर्टाच्या खिशात ठेवला. जो चष्मा बावीस वर्षं नाकावर होता तो आता ई-वे बिल, म्हणजे मालाबरोबरचा जीएसटीचा कागद, बघण्यापुरता बाहेर निघतो.

उस्ताद मला मिळाला अठ्ठावीस वर्षांचा. पाथर्डीकडचा, सडपातळ, वडीलही ड्रायव्हर. सुरुवातीला मी त्याला 'अरे' म्हणायचो. माझ्या लेकीपेक्षा जेमतेम सहा-सात वर्षांनी मोठा, आणखी काय म्हणणार? तो मला 'काका, तुम्ही'. तिसऱ्या दिवशी सिन्नर फाट्यावर गाडी रिव्हर्स घेताना मी एका हातगाडीचं छत जवळजवळ नेलं. त्यानं बाजूनं हात घालून स्टिअरिंग फिरवलं, खाली उतरून हातगाडीवाल्याची माफी मागितली आणि परत चढून फक्त म्हणाला, 'आरसा खोटं बोलत नाही काका, आपण बघत नाही.' त्यानंतर माझ्या तोंडून 'उस्ताद' आपसूक बाहेर पडायला लागलं. आजही फोनवर मी त्याला उस्तादच म्हणतो आणि तो मला काकाच.

सहा महिने मी क्लीनर होतो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी क्लीनर. काचा पुसल्या, ताडपत्री ओढली, रस्सा आवळला, रात्री गाडीखाली वाकून टायर पाहिले. टायर बघायची रीत मला फार आवडली. मागच्या धुऱ्याला दोन्हीकडे जोडटायर असतात. आतल्याची हवा गेली तरी बाहेरचा गाडी उचलून धरतो, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. म्हणून टॉमी, म्हणजे लोखंडी दांडी, घेऊन एकेका टायरवर ठोकायचं. हवा भरलेला टायर टॉमीला उलट झटका देतो, आवाज ठणकतो. बसलेला टायर नुसता 'थप्प' म्हणतो आणि टॉमी तिथेच पडून राहते. पहिल्या महिन्यात मला सगळे सारखेच वाटायचे. मग एका रात्री घोटीच्या टोलनाक्याच्या अलीकडे, उस्ताद झोपलेला असताना, मी ठोकत ठोकत गेलो आणि उजव्या बाजूचा आतला टायर 'थप्प' म्हणाला. त्याच जोडीत दोन टायरांच्या फटीत मुठीएवढा दगडही अडकलेला होता. तो वेगात सुटला तर मागच्या गाडीची काच फोडतो. उस्तादला उठवलं. त्यानं स्वतः ठोकून पाहिलं आणि म्हणाला, 'जमलं की.' माझ्या शुद्धलेखनाला मिळालेल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा ही मला मोठी वाटली, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

आणि मग कसारा घाट.

चढायला ट्रकला इंजिन लागतं, उतरायला ड्रायव्हर लागतो. (यात कुणी आयुष्याचा उतार वगैरे वाचू नये. मला प्रत्यक्ष उताराबद्दल बोलायचंय, जो इगतपुरीच्या पुढे सुरू होतो आणि ज्यात माणसं मरतात.) ड्रायव्हर लोकांचा जुना नियम आहे, ज्या गेअरमध्ये घाट चढशील त्याच गेअरमध्ये उतर. कारण भरलेली गाडी सोळा टनांची. तिला नुसत्या ब्रेकवर धरून ठेवली तर ड्रम तापतात, लायनरचा जळका वास यायला लागतो आणि मग पाय कितीही दाबा, ब्रेक लागल्यासारखाच वाटत नाही. खालच्या गेअरमध्ये मात्र इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. ब्रेक मधूनमधून, बेतानं.

तरीही कितीतरी लोक उतारावर गाडी न्यूट्रल करतात. डिझेल वाचतं म्हणून. काही तर इंजिनच बंद करतात. २०२२ च्या नोव्हेंबरात पुण्याला नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकनं कितीतरी गाड्यांना धडका दिल्या. गाडी इंजिन बंद करून उतारावर सोडली होती असं प्राथमिक तपासात पुढे आलं. त्या रात्री आम्ही भिवंडीच्या एका गोडाऊनबाहेर रांगेत होतो आणि रांगेतल्या प्रत्येक केबिनमध्ये तोच व्हिडिओ चालू होता. उस्तादनं मोबाइल बंद करून मला शिकवणी दिली. ब्रेक हवेवर चालतात. हवा कॉम्प्रेसर भरतो. कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद केलं की टाकीत उरली असेल तेवढीच हवा, ब्रेक दाबत गेलं की तीही संपत जाते. आणि डिझेल वाचण्याचं म्हणाल तर आताच्या इंजिनांत गेअरमध्ये गाडी उतरत असताना, पाय रेसवरून काढला की डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलवर उलट इंजिन चालू ठेवायला थोडं जळत राहतं. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घालायचा ती बचतच होत नाही. एक अफवा पिढ्यान् पिढ्या उतार उतरत आली आहे.

एवढं सगळं ठाऊक असून मी चुकलो. २०२३ चा जुलै, पाऊस, धुकं. एकटा होतो. घाटनदेवीच्या अलीकडेच गेअर पाडून ठेवायचा असतो, उतार सुरू व्हायच्या आत. मी पुढच्या कंटेनरच्या लाल दिव्याकडे बघत राहिलो आणि चौथ्यातच घाटात शिरलो. दुसऱ्या वळणावर गाडी अंगावर यायला लागली. क्लच दाबला, चौथा काढला, तिसरा टाकायला गेलो तर तो पडेना. करकर आवाज आला आणि काठी परत हातात. म्हणजे आता सोळा टन न्यूट्रलवर. ज्या गोष्टीबद्दल मी टपरीवर इतरांना व्याख्यान द्यायचो, नेमकी तीच. कंटेनरचे दिवे मोठे व्हायला लागले. ब्रेक दाबला. आणखी दाबला. मग उस्तादचा आवाज आठवला असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं काही झालं नाही. काहीच आठवलं नाही. हातापायांनी केलं. न्यूट्रलमध्येच रेस जोरात दिली, क्लच पुन्हा मारला आणि चौथाच परत टाकला. पडला. गाडीनं गचका दिला, इंजिन ओरडलं आणि वेग अडकला. पुढे एका रुंद जागी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकाखाली दगड लावले. मागच्या चाकांतून वाफ निघत होती, पाऊस पडून. वास तोच, लायनरचा.

सगळं मिळून किती सेकंद गेले असतील? सात-आठ. त्या रात्री मला कळलं की उशिरा शिकलेल्या माणसाकडे एकच जास्तीची गोष्ट असते, भीती. उस्तादला ती कमी आहे, कारण तो बापाच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायला शिकला. मला भरपूर आहे. ती मी विसरू देत नाही. घाटनदेवीला आता दर खेपेला थांबतो. नमस्कार करतो, पण खरं सांगायचं तर थांबतो ते गेअर पाडायला.

आता समृद्धी महामार्ग इगतपुरीहून थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सुरू झालाय, २०२५ च्या ५ जूनपासून. सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा. घाट टाळून सरळ खाली. आमचे शेठ मात्र टोलचा हिशोब करतात आणि म्हणतात, 'मास्तर, घाट काय वाईट आहे?' मी अजून घाटानंच जातो.

रात्रीबद्दल मला वाटलं होतं की इथे तरी आपण तयार आहोत. अर्धं खरं ठरलं. डेस्कवर असताना मला एक कळलं होतं, जे कुठल्याही शुद्धलेखनाच्या पुस्तकात नाही. रात्री एकपर्यंत चुका दिसतात. दोनला दिसतात, पण उशिरा. पहाटे तीननंतर सगळंच बरोबर दिसायला लागतं. मजकूर इतका गुळगुळीत वाहतो की वाटतं, आज काय सुंदर लिहिलंय! ती धोक्याची घंटा. दुसऱ्या दिवशी मथळ्यातच चूक निघते. ट्रकमध्ये हुबेहूब तेच होतं. डोळे मिटणं फार नंतरची गोष्ट. त्याच्या आधी रस्ता छान वाटायला लागतो. अडथळा नाही, कुणी आडवं येत नाही, गाडी आपोआप चाललीय. शहापूरच्या अलीकडे असं छान वाटायला लागलं की मी गाडी बाजूला घेतो. शेठला फोन करत नाही, परवानगी मागत नाही. तीस-चाळीस मिनिटं झोपतो. उशीर होतो, बोलणी बसतात. तसं १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती (२०२५ च्या नोव्हेंबरात त्याची जागा नव्या श्रम संहितेनं घेतली). पण तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांना लागू होता. आमच्या शेठकडे ड्रायव्हर चार. कायदा त्यांनी वाचलाय असं मला वाटत नाही, पण संख्या बरोबर धरलीय.

कामात सगळ्यात जास्त वेळ कशात जातो असं विचाराल तर चालवण्यात नव्हे, थांबण्यात. पहाटे पाचला भिवंडीत पोचायचं आणि दुपारी चारला गाडी खाली व्हायची. गेटवर चिठ्ठी, मग काटा, मग रांग, मग हमाल, मग हमाली-वाराई कुणी द्यायची यावरून वाद. ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस या हिशोबानं असते. रांगेतच ती संपत आली की वाचायचा चष्मा काढायचा, फोन लावायचे. मी पुस्तक ठेवतो केबिनमध्ये. सुरुवातीला लपवून वाचायचो, आता उघड.

थांबण्याचं एवढं नाही. हाक कशी मारतात, त्याचं आहे. 'ए बावन्न चौदा!' हा मी. गाडीच्या नंबरनं. नाहीतर 'ए ड्रायव्हर', 'ओ गाडीवाले', क्वचित 'चाचा'. शब्दांवर पोट भरलेल्या माणसाला 'तुम्ही' आणि 'तू' यांतलं अंतर किलोमीटरमध्ये सांगता येतं. नाशिकच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मी कधीकाळी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा दिनाला, पाहुणा म्हणून गेलो होतो. शाल, नारळ, कॅन्टीनमध्ये गुलाबजाम. 'शुद्ध लिहूया' असं भाषण केलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच कंपनीतून माल उचलायला गेलो. तीन तास उभा होतो. या वयात तीन तास म्हणजे काय ते माझ्या वयाच्या पुरुषांना सांगायला नको. वॉचमनला विचारलं, बाथरूम कुठे? तो म्हणाला, 'ड्रायव्हर लोकांनी बाहेर.' बाहेर म्हणजे कुंपणाची भिंत. भिंतीवर लिहिलं होतं, 'येथे लघवी करण्यास सक्त मनाई आहे'. एकही चूक नव्हती.

त्या वॉचमनवर राग नाही माझा. त्यालाही कुणीतरी नंबरनंच बोलावत असणार. आणि मी कुठे त्या पेपरच्या टेम्पोवाल्यांची नावं विचारली होती?

२०२४ च्या १ जानेवारीला संप झाला. अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद, अशी नव्या न्याय संहितेतली तरतूद. ड्रायव्हर म्हणायचे, थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर दहा वर्षं. टँकर थांबले आणि पंपांवर रांगा लागल्या. मी खर्डीजवळ एका ढाब्यावर अडकलो होतो. तिथे टीव्हीवर सारखं 'ड्रायव्हर बांधव' ऐकू येत होतं. दोन दिवस आम्ही बांधव होतो. चर्चा होऊन संप मिटला आणि जुलैत संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. ३ जानेवारीला भिवंडीत गेटवर पोचलो. 'ए बावन्न चौदा, मागे घे!'

घरच्यांचं थोडक्यात सांगतो. आई पहिले सहा महिने बोलली नाही. नंतर जे बोलली ते एवढंच, 'जेवतोस ना वेळेवर?' बायको सोसायटीत सांगते, 'ते लॉजिस्टिक्समध्ये असतात.' खोटं नाही त्यात काही. पण एकदा तिनंच मला मोबाइलवर योगिता रघुवंशींची मुलाखत दाखवली. मूळच्या नंदुरबारच्या, कायद्याची पदवी असलेल्या, नवऱ्याच्या मृत्यूनंतर भोपाळहून ट्रक चालवायला लागलेल्या. ती शेवटपर्यंत बघितली आणि म्हणाली, 'बाई वकील असून चालवते.' दुसऱ्या दिवसापासून डब्यात दोन पोळ्या वाढल्या. लेक कॉलेजात आहे. तिला या सगळ्यात कसलाच नाट्यमय प्रसंग दिसत नाही. तिचा एकच प्रश्न असतो, 'बाबा, एसी बसवला का?' २०२५ पासून नव्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. आमची गाडी त्याच्या बरीच आधीची. मे महिन्यात मालेगावच्या पुढे इंजिनाची धग पायाशी आणि उन्हाची डोक्यावर. डॅशबोर्डवरचा पंखा गरम वारा इकडून तिकडे करतो.

गुडघा दुखतो, डावा, क्लचचा. साखर जरा वर गेलीय. ढाब्यावरची दाल सोडली, डबा नेतो. तंबाखू धरली नाही, याचं श्रेय लसणाच्या फायद्यांना द्यावं का माहीत नाही.

गेल्या महिन्यात गाडी पासिंगला जायची म्हणून शेठनी रंगवायला काढली. आडगावला एक पेंटर आहे, म्हातारा, हात अजून स्थिर. हौद्याच्या मागच्या फाळक्यावर जुनी अक्षरं खरवडून झाली होती आणि पिवळ्या पट्टीवर तो खडूनं आखत होता. एका कोपऱ्यात 'हॉर्न ओके प्लीज'. हे लिहायला महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे, मी सांगितलं. तो म्हणाला, 'मालकानं सांगितलंय.' मग मधल्या पट्टीवर 'आई-वडीलांचा' लिहून झालं. लाल रंग, ओला, चकचकीत. पुढे त्यानं 'आ' काढला. मला राहवेना.

'चाचा, 'शी'ला दुसरी वेलांटी द्या.'

'का?'

'तशीच आहे ती. आशीर्वाद. दीर्घ.'

त्यानं कुंचला डब्यावर टेकवून माझ्याकडे पाहिलं. 'चाळीस वर्षं लिहितोय मी. कुणी काही बोललं नाही.'

'कुणाला कळत नाही म्हणून.'

'मग कशाला?' पण त्यानं दिली. सावकाश, वरून वळवून, उजव्या बाजूला खाली आणली. शेपटीला थोडा झोकही दिला. मग मागे सरकून डोळे बारीक करून बघितलं. 'जागा जास्त खाल्ली,' म्हणाला. 'द' पट्टीच्या कडेला चिकटला होता.

'वडिलांचा'मधली मात्र पहिली हवी, असं मी म्हणणार होतो. तोपर्यंत तिथला रंग सुकायला लागला होता आणि शेठ टपरीवरून ओरडले, 'मास्तर, दोनला लोड आहे! भिवंडी!'

ती चूक राहिली. फाळका मला आरशात दिसत नाही.